एकोणीस मिनिटं

नकाशाच्या अ‍ॅपचा निरोप आला होता. तुमच्या फिरण्याच्या नोंदी यापुढे आमच्या सर्व्हरवर नसतील, तुमच्याच फोनवर राहतील. त्यातलं काय ठेवायचं ते अमुक तारखेच्या आत ठरवा, नाहीतर जुन्या भेटी पुसल्या जातील, अशा अर्थाचा. असले निरोप मी एरवी बोटाने बाजूला ढकलते. हा ढकलला नाही, तो 'भेटी' या शब्दामुळे. कोणाच्या भेटी? मी कोणाला भेटले हे या अ‍ॅपला काय ठाऊक?

ठाऊक नव्हतंच. मी जिथे जिथे थांबले त्या प्रत्येक जागेला ते भेट म्हणत होतं. कुठे पाच-दहा मिनिटं रेंगाळलं की झाली भेट.

त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी माझीच मागची काही वर्षं चाळली. जुनी डायरी सापडावी तशी आधी मजा वाटली. फरक एवढाच, की ही डायरी मी लिहिलेली नव्हती आणि तिच्यात एकही पान कोरं नव्हतं. माझ्या हातच्या सगळ्या डायऱ्या दहा-बारा जानेवारीला मान टाकतात.

चाळता चाळता दोन वर्षांपूर्वीचा एक मंगळवार आला. घर, ऑफिस, हॉस्पिटल, मग एका उड्डाणपुलाखाली एकोणीस मिनिटं, मग घर. पुलाखालच्या जागेला नाव नसतं, म्हणून अ‍ॅपने शेजारच्या फरशांच्या दुकानाचं नाव तिथे चिकटवलं होतं. म्हणजे नोंदीप्रमाणे मी त्या संध्याकाळी ६.२२ ते ६.४१ फरशा बघत होते. आमच्या घरातली एक फरशी गेल्या पंधरा वर्षांत हललेली नाही.

मग मी तिथे करत काय होते? आठवेना. गाडी बंद पडली असती तर लक्षात राहिलं असतं. कोणाचा फोन आला असेल म्हणावं, तर त्या वेळी आलेला-केलेला एकही फोन नाही. शेवटी मनगटावरच्या घड्याळाचं अ‍ॅप उघडलं आणि तीच तारीख काढली. ६.२२ ते ६.४१, पावलं शून्य. नाडी ११८. म्हणजे बाई जागची हललेली नाही आणि काळीज मात्र जिना चढतंय.

ती ११८ची रेघ बघितली आणि सगळं परत आलं. गाडी पुलाखाली बाजूला घेतलेली. इंजिन बंद, काचा वर. शेजारच्या सीटवर बाबांच्या रिपोर्टचं पाकीट. घरी बाबाच दार उघडणार होते आणि पाकिटाच्या आधी माझं तोंड वाचणार होते. ते तोंड कसं असायला हवं, याची मी गाडीच्या आरशात तालीम करत होते. त्यातल्या त्यात बरा जमलेला चेहरा घेऊन घरी गेले.

ही एकोणीस मिनिटं मी कोणालाही सांगितलेली नव्हती. नवऱ्याला नाही, दादाला नाही. माझी समजूत अशी, की ती फक्त माझ्यापाशी आहेत. खरं तर माझ्यापाशीही नव्हती, मी विसरूनसुद्धा गेले होते. होती ती दोन कंपन्यांकडे, अर्धी अर्धी. एकीकडे जागा, दुसरीकडे नाडी.

'उपग्रहावरून आपल्यावर नजर असते' असं आपण सहज बोलून जातो. उपग्रहाला आपलं काही सोयरसुतक नसतं. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात आणि दवंडी पिटणाऱ्यासारखं एकच सांगत राहतात : मी अमुक, मी इथे आहे, माझ्या घड्याळात इतके वाजलेत. ऐकायला कोण उभं आहे हे दवंडीवाल्याला कळत नाही. फोन निदान चार उपग्रहांच्या दवंड्या ऐकतो, कोणाची हाक किती उशिरा पोचली यावरून अंतरं काढतो आणि आपण कुठे आहोत ते आपलं आपण ठरवतो. इथपर्यंत सगळं सोज्वळ आहे, कागदी नकाशा उलगडून चौकात उभ्या राहिलेल्या प्रवाशासारखं. चुगली होते ती त्यानंतर, आणि ती आकाशातून होत नाही, खिशातून होते.

इमारतीच्या आत उपग्रहांचा आवाज धड पोचत नाही. तिथे वाय-फाय कामाला येतं. घराघरातली, दुकानांतली वाय-फायची यंत्रं सतत आपापलं नाव घेत बसलेली असतात, आणि कोणतं यंत्र नकाशावर कुठे आहे याच्या याद्या कंपन्यांनी करून ठेवलेल्या असतात. फोनला ओळखीची दोन-चार नावं कानावर आली की पुरे, त्या वाय-फायला जोडलेलं असण्याचीही गरज नाही. मोबाइलच्या टॉवरबद्दल तर तक्रारीला जागाच नाही. आपण कुठल्या टॉवरच्या आसऱ्याला आहोत हे कंपनीला कळलं नाही, तर फोनची रिंग वाजणार कशी?

मग सेटिंगमध्ये जाऊन बंद करावं. केलंही होतं मी मध्यंतरी, एका चिडलेल्या रविवारी. पण 'बंद' या शब्दालाही इतिहास आहे. २०१८च्या ऑगस्टमध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दाखवून दिलं, की गूगलची 'लोकेशन हिस्ट्री' बंद केली तरी दुसऱ्याच एका सेटिंगच्या वाटेने जागेच्या नोंदी साठत राहतात. अमेरिकेतल्या ४० राज्यांनी ते प्रकरण लावून धरलं आणि नोव्हेंबर २०२२मध्ये ३९ कोटी १५ लाख डॉलर देऊन गूगलने ते मिटवलं. या नोंदी यापुढे वापरणाऱ्याच्या फोनवरच ठेवू, अशी घोषणा २०२३च्या डिसेंबरमध्ये झाली. मला आलेला निरोप हे त्या घोषणेचं शेपूट.

हे सगळं मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने ठरलेलं वाक्य टाकलं : "आपल्यात लपवण्यासारखं आहे काय?"

त्याच्या बाबतीत ते खरंही आहे. घर, ऑफिस, जिम, घर. त्याची वर्षभराची नोंद एका पोस्टकार्डावर मावेल. पण एखादी चोरून गाठलेली जागा सापडणं ही यातली लहान गोष्ट आहे. जास्त बोलतो तो रोजचा शिरस्ता. फोन रात्री बारा ते पाच जिथे निजतो ते घर, दुपारी जिथे असतो ते काम, एवढं कळायला हेर लागत नाही. माल्टे श्पिट्झ या जर्मन ग्रीन पक्षाच्या नेत्याने डॉइच टेलिकॉमला कोर्टात खेचून स्वतःच्याच सहा महिन्यांच्या नोंदी मिळवल्या होत्या, २००९-१०च्या. ३५ हजारांहून जास्त ओळी निघाल्या. २०११ साली जर्मन साप्ताहिक 'डी त्साइट'च्या संकेतस्थळाने त्या नकाशावर मांडल्या, तेव्हा माणूस कधी रेल्वेत आहे, कधी घरी आहे, कोणत्या तासाला सगळ्यात जास्त फोनवर आहे, हे कोणालाही बोटाने पुढे-मागे सरकवून बघता आलं. त्यात पाप काहीच नव्हतं. एक माणूस तेवढा होता, आरपार.

'पण नाव काढून टाकलेलं असतं,' हे दुसरं ठरलेलं वाक्य. २०१३मध्ये संशोधकांनी १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल-नोंदी तपासल्या, नावं काढलेल्या. एखाद्याच्या चार जागा आणि तिथे असण्याच्या चार वेळा ठाऊक असल्या, तर त्या गर्दीतून ९५ टक्के लोक एकेकटे वेगळे काढता येतात असं त्यांना आढळलं. चारच. घर, ऑफिस, हॉस्पिटल आणि पुलाखाली. त्या मंगळवारी त्या चार जागी त्या त्या वेळेला असलेलं दुसरं कोण असणार?

मला खरी धास्ती आहे ती वाचणाऱ्याची. फरशांच्या दुकानाचंच बघा ना. नोंद चुकलेली नव्हती, अर्थ चुकला होता, आणि तो चुकलाय हे सांगायला मी तिथे नव्हते. फ्लोरिडातल्या एका तरुणाची गोष्ट वाचल्यापासून हे डोक्यातून जात नाही. तो सायकल चालवायचा आणि किती किलोमीटर झाले ते फोनवर नोंदवायचा. वस्तीतल्या वस्तीत गोल फेऱ्या. २०१९च्या मार्चमध्ये त्या वाटेवरच्या एका म्हातारीच्या घरी चोरी झाली. पोलिसांनी गूगलकडे मागणी केली, की त्या वेळी त्या घराच्या आसपास जे जे फोन होते त्यांची माहिती द्या. म्हणजे आधी गळ आणि मग मासा नव्हे, सरळ जाळंच. याचा फोन तासाभरात त्या घरावरून तीनदा गेलेला. २०२०च्या जानेवारीत त्याला ईमेल आलं, की पोलिसांना तुमची माहिती हवी आहे, हरकत असेल तर सात दिवसांत कोर्टात जा. वकील केला, पैसे गेले, शेवटी पोलिसांनी मागणी मागे घेतली. तो सुटला. पण जरा त्याच्या खुर्चीत बसून बघा. तुम्ही तीनदा तिथून गेलात हे खरं आहे, वेळ खरी आहे, रस्ता खरा आहे. पुरावा तुम्हीच, हौसेने, रोजच्या रोज लिहून ठेवलेला आहे. आता सांगा, तुम्ही नुसतीच सायकल चालवत होता हे सिद्ध कसं करणार?

आणि एकट्याचं नाही ते सगळ्यांचं मिळून उघडं पडतं, हा आणखी एक प्रकार. स्ट्राव्हा या अ‍ॅपने २०१७च्या नोव्हेंबरमध्ये जगाचा एक नकाशा प्रसिद्ध केला होता : लोक जिथे जिथे धावले, सायकली हाकल्या, तिथे उजेडाच्या रेघा. १ अब्ज नोंदींमधून काढलेला, नाव कोणाचंच नाही. दिसायला इतका देखणा की भिंतीवर लावावा. दोनच महिन्यांनी ऑस्ट्रेलियातल्या एका विशीतल्या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं, की सिरिया-अफगाणिस्तानच्या काळ्याकुट्ट भागांत मध्येच चमकणारी वेटोळी आहेत. ते लष्करी तळ होते. सैनिक सकाळी कुंपणाच्या आतून पळत होते, तब्येत राखत होते. गुपित एकानेही फोडलेलं नव्हतं. सगळ्यांनी मिळून फक्त व्यायाम केला होता.

आता घड्याळाकडे येते, कारण त्याच्यावर माझा राग वेगळा आहे. फोन निदान परका वाटतो. घड्याळ कातडीला लागून असतं. त्याच्या पोटाशी हिरवा दिवा आहे. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं. ठोका पडला की मनगटात रक्त क्षणभर वाढतं, परत येणारा उजेड तेवढा कमी होतो, पुन्हा वाढतो. या कमी-जास्त होण्याला ते नाडी म्हणतं. युक्ती मोठी सुरेख आहे, याबद्दल वाद नाही. रात्री कूस बदलताना पट्टा सैल झाला की पांघरुणाखाली एक हिरवी रेघ दिसते, कोणीतरी कंदील घेऊन आपल्यावर राखण बसल्यासारखी. राखण की पहारा, ते त्या त्या रात्रीच्या मनःस्थितीवर.

पावलांचं काम मात्र इतकं सूक्ष्म नाही. हाताचा झोका मोजायचा आणि त्याला पाऊल म्हणायचं. टाळ्या वाजवल्या तरी चार-दोन पावलं जमा होतात. उलट हात स्थिर ठेवून चाला, मग बघा.

बाबांचं ऑपरेशन झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांना चालवायला सांगितलं होतं. हॉस्पिटलचा व्हरांडा, एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला पाण्याचं यंत्र. बाबांनी माझा डावा हात धरला, नेमका मनगटाशी, घड्याळावर. आधाराला म्हणून हात धरतात तसा नव्हे. जिन्याचा कठडा धरतात तसा, सगळा भार देऊन. खिडकीपर्यंत एक फेरी, थांबणं, पाण्याच्या यंत्रापर्यंत दुसरी. बाबा फेऱ्या मोठ्याने मोजत होते आणि मध्येच चुकत होते, मी दुरुस्त केलं की म्हणायचे, "तुझं खरं कशावरून?" सकाळ-संध्याकाळ मिळून चाळीस फेऱ्या झाल्या. मी तो हात तसूभर हलू दिला नव्हता. रात्री घड्याळात बघितलं तर जेमतेम काही शे पावलं, आणि वर सूचना : आज तुमचं बसणं फार झालं, उठून थोडं चाला.

त्या दिवशी मी हसले. नंतर वाटलं, पुलाखालची नाडी याला बरोबर सापडते आणि बाबांच्या वजनाखाली धरून ठेवलेला हात सापडत नाही. आणि आपण मात्र रात्री दहा वाजता घरातल्या घरात येरझाऱ्या घालून दहा हजारांचा आकडा पुरा करत बसतो. त्या दहा हजारांची जन्मकथाही सांगण्यासारखी आहे. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नाव मानपो-केई. अर्थ : दहा हजार पावलांचं मापक. आधी विक्रीचं नाव आणि मग साऱ्या जगाचं आरोग्य. चालणं चांगलंच, पण आठ हजारांना अपराधी वाटावं असं त्या आकड्यात काही नव्हतं. तरी मला वाटतं.

घड्याळ मी काढून टाकलेलं नाही. खोटं कशाला बोलू? ठोका चुकला तर आधी त्याला कळेल, या आशेवर ते हातात आहे. बाबांच्या आजारानंतर ही आशा फेकून द्यायचं धाडस माझ्यात नाही.

त्या निरोपाचं काय केलं तेही सांगते. 'तीन महिन्यांपेक्षा जुनं ते आपोआप पुसा' हा पर्याय निवडला. त्याआधी त्या मंगळवारचा स्क्रीनशॉट काढून ठेवला, कारण त्या संध्याकाळी मी तिथे होते याला दुसरा साक्षीदार नाही. तो स्क्रीनशॉट बाकीच्या फोटोंबरोबर आपसूक क्लाउडवर जाऊन बसला, हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

राहिली गोष्ट बाबांची. हॉस्पिटलमधून आल्यावर दादाने त्यांच्या फोनमध्ये लोकेशन शेअरिंग चालू करून दिलं. दादा परगावी असतो. त्याच्या काळजीला पोचायला तेवढीच एक वाट होती, आणि मीच त्याला हो म्हटलं होतं. बाबाही म्हणाले, "असू दे, तुमच्या जिवाला बरं." पहिले काही दिवस आम्हा दोघांनाही त्या निळ्या ठिपक्याचं वेडच लागलं. मीटिंगमध्ये टेबलाखाली बघायचं : ठिपका घरी. छान. ठिपका बागेत. छान. ठिपका बागेच्या फाटकापाशी पाच मिनिटं अडकला, की घशाला कोरड.

दादाचे फोन त्याच सुमारास बदलले. पूर्वी तो विचारायचा, "काय बाबा, काय चाललंय?" मग बाबा सांगायचे : बागेत कोण भेटलं, कोणाची सून कशी वागते, गुडघा काय म्हणतो. आता तो आधीच सगळं बघून फोन करायचा. "आज बागेत नाही गेलात?" "काल बँकेपाशी इतका वेळ काय करत होता?" बाबा म्हणायचे, "तुला माहीतच आहे सगळं, मी काय सांगू." आणि फोन माझ्याकडे द्यायचे. 'कुठे आहेस?' या प्रश्नाला मी जन्मभर कंटाळले होते. त्या दिवसांत पहिल्यांदा कळलं, की तो प्रश्न ज्याला कोणी विचारत नाही त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही.

मग महिन्याभरात बाबांचा ठिपका घरकोंबडा झाला. सकाळी घरी, दुपारी घरी, संध्याकाळी घरी. दादा म्हणाला, त्यांचं बाहेर पडणं कमी झालंय, डॉक्टरांना विचार. मलाही लागून राहिलं.

गेल्या गुरुवारी ऑफिसातून लवकर निघाले. बस स्टॉपवरून गाडी पुढे गेली आणि ब्रेक मारला. बाकावर बाबा बसले होते. हातात काही नाही, पाय पुढे पसरलेले. बस आली, चार माणसं चढली, दोन उतरली, बाबा हलले नाहीत. बस गेली. ते गेलेल्या बसकडे बघत होते, आपल्याला कुठेच जायचं नसताना बघतात तसे.

गाडी बाजूला लावून मी त्यांच्यापाशी गेले. "फोन कुठाय?"

"चार्जिंगला," बाबा म्हणाले.

"रोज याच वेळेला?"

"बॅटरी जुनी झालीये त्याची." हे माझ्याकडे न बघता.

मी काही बोलणार तेवढ्यात माझाच फोन वाजला. दादा. "अगं, बाबा फोन उचलत नाहीयेत. झोपले असतील का? मला तर घरीच दिसतायत. तू बघ जरा."

मी फोन कानापासून दूर धरून बघितलं. निळा ठिपका आमच्या घरावर शांत बसला होता.

"हो," मी म्हणाले, "घरीच दिसतायत."

बाबा बाकावर जरासे सरकले आणि त्यांनी मला जागा करून दिली.